आंब्याच्या खोडावरची अळंबी : फोडणीला टाकण्याआधी

आज बोलायला बसताना आधी आमचीच एक चूक कबूल करायची आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही रानभाज्यांवर बोललो होतो. घोळ, चिवळ, तांदुळजा, कुरडू, टाकळा असं सगळं सांगून झालं आणि बोलता बोलता अळंबीचा विषय निघाला. आमच्यातली एक जण म्हणून गेली, "जमिनीवरच्या कुत्र्याच्या छत्रीला हात लावू नये, पण झाडावर आलेली अळंबी बिनधास्त खावी. लाकडावरची विषारी नसते." आम्ही बाकीच्यांनी माना डोलावल्या. आज्यांच्या तोंडून आम्हीही हेच ऐकलं होतं. कार्यक्रम संपला, गाणं लागलं, आम्ही विसरून गेलो.

ऐकणाऱ्या विसरल्या नव्हत्या. या श्रावणात एका संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळेला, आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर एक फोटो आला. मांजरी बुद्रुकच्या एका वहिनींच्या परसातला जुना आंबा, आणि त्याच्या खोडावर शिंपल्यांसारखी एकावर एक चढलेली पांढरी अळंबी. खाली लिहिलं होतं, "तुम्हीच सांगितलं होतं ना, लाकडावरची चालते? निवडून ठेवलीय. लसूण घालून करू का?" आम्ही फोन हातात घेईपर्यंत आठ जणींनी उत्तरं दिली होती. करा, करा. आमच्याकडं पण येते. एकीनं लिहिलं, उकळताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं नाही तर खा.

आम्ही तेवढंच लिहिलं : वहिनी, आज करू नका. कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, उद्या सकाळी आम्ही येतो. त्या रात्री त्यांच्या घरी पिठलं झालं. घरातल्या मंडळींनी आमच्या नावानं थोडी कुरकुर केली असणारच.

तर "झाडावरची विषारी नसते" हे आमचं वाक्य चुकीचं होतं. ते आज परत घेतो आणि का ते नीट सांगतो.

गॅलेरिना नावाची एक तपकिरी, नाजूक छत्री असते. थंड मुलखात ती कुजक्या ओंडक्यांवर येते, आणि जगातल्या सगळ्यांत घातक अळंबीमध्ये जे यकृत जाळणारं विष असतं, तेच तिच्यात असतं. म्हणजे लाकडावर वाढणारीही जीव घेऊ शकते. दुसरी गोष्ट जपानची. तिथं देवदाराच्या जातीच्या झाडांच्या जुन्या बुंध्यांवर एक पांढरीशुभ्र, पंखासारखी अळंबी येते. दिसायला थेट आपल्या धिंगरीसारखी. लोक ती पिढ्यान्‌पिढ्या आवडीनं खात होते. २००४ साली ती खाऊन मेंदूवर परिणाम झाल्यामुळं १७ जण दगावले, त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा आजार होता. ही दोन्ही अळंबी मांजरीत उगवत नाहीत, तेव्हा घाबरू नका. पण "लाकूड" हा शब्द काही सुरक्षिततेचा शिक्का नाही, एवढं यातून कळतं.

आता मुळात ही अळंबी असते काय? ती झाडाचं फळ नव्हे आणि बांडगुळासारखी वनस्पतीही नव्हे. ती बुरशीचं फळ आहे. शिळ्या भाकरीवर जी बुरशी चढते, तिचीच ही थोरली भावंडं. खरी बुरशी लाकडाच्या आत पसरलेली असते, पांढऱ्या सुताच्या जाळ्यासारखी. कुजकं लाकूड मोडलं की ती दिसते. वर्ष-वर्ष, कधी बरीच वर्षं ती आतल्या आत लाकूड खात बसते. लाकडाला जो कडकपणा असतो तो पचवायची ताकद फार थोड्या जिवांत असते, आणि यांच्यात ती आहे. मग पावसाची चांगली ओल मिळाली की दोन-चार दिवसांत साल फोडून छत्री बाहेर येते. तिच्या पोटातून धुरळ्यासारखे बीजाणू उडतात आणि दुसऱ्या झाडाच्या जखमेवर जाऊन रुजतात. आपल्याला रात्रीत उगवल्यासारखी वाटते, पण आतलं काम फार आधी सुरू झालेलं असतं. वहिनींच्या आंब्याकडं येताना हे लक्षात ठेवा.

आमच्या मांजरीत पाऊस बेताचाच. मुळशी-वेल्ह्याकडच्या बायकांना श्रावणात जितक्या तऱ्हा दिसतात, तितक्या आपल्याला दिसत नाहीत. तरी मुळा-मुठेच्या काठची ओल, उसाचे मळे, द्राक्षांच्या बागा आणि घरामागचे जुने आंबे, शेवगे, चिंचा, गुलमोहर यांमुळं काही तरी दरवर्षी उगवतंच.

सगळ्यांत ओळखीची धिंगरी. तिच्या कुळातली रानटी अळंबी मेलेल्या किंवा मरायला लागलेल्या लाकडावर झुपक्यानं येते. टोपी शिंपल्यासारखी, पांढरी नाहीतर राखाडी, देठ आखूड आणि बहुधा एका कडेला. टोपी उलटी केली की पातळ पट्ट्या दिसतात, त्या थेट देठावर उतरत गेलेल्या असतात. देठाला कडं नाही, बुडाशी पिशवी नाही. बाजारात प्लास्टिकच्या डब्यात मिळते ती हिचीच लावलेली बहीण.

दुसरी कानासारखी. तपकिरी, ओली असताना रबरासारखी लवचिक, वाळली की चामड्यासारखी आक्रसून जाते आणि पुन्हा पाणी लागलं की फुगते. चिनी पद्धतीच्या सूपमध्ये जे काळे तुकडे असतात ते हिच्याच जातीचे. आपल्याकडं पोरं तिला हात लावून "झाडाला कान फुटला" म्हणतात आणि पळतात.

तिसरी तुम्ही हमखास पाहिली असेल, पण अळंबी म्हणून नव्हे. वाळलेल्या आंब्याच्या फांदीवर, सरपणाच्या ढिगात, नखाएवढ्या पांढुरक्या, केसाळ पंख्यांच्या रांगा. खालच्या पट्ट्या मधोमध उभ्या चिरल्यासारख्या दिसतात. मणिपुरात ही आवडीनं खातात, तिथं तिला कांगलायेन म्हणतात. आपण ती सरपणाबरोबर चुलीत घालतो. चिवट इतकी की आम्हाला त्याचं फारसं दुःख नाही.

मग लाकडासारख्या टणक फळ्या. यांची भाजी होतच नाही, विळीचं पातं जाईल. पण यांच्यातल्या एकीची हकीकत सांगण्यासारखी आहे. कोकणात फणसाच्या झाडावर येणाऱ्या अशा टणक अळंबीला फणसांबा किंवा फणसोंबा म्हणतात. लहान मुलांची लाळ फार गळते, तोंड येतं, तेव्हा ती सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. आपल्या पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्रावर काम करणारे जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी या औषधाचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की फणसांबा या एका नावाखाली एकच नव्हे तर अनेक जातींची अळंबी वापरली जाते. नाव एक, वस्तू वेगवेगळ्या. म्हणून आम्ही म्हणतो, कुणी "आमच्याकडं हिला अमुक म्हणतात आणि खातात" असं सांगितलं तर तिच्या गावातली ती आणि आपल्या परसातली ही एकच आहे का, हे आधी बघा. आणि बाळाच्या तोंडात उगाळलेलं काही घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टणकच पण चकचकीत, वॉर्निश मारल्यासारखी तांबूस-तपकिरी अळंबी झाडाच्या बुंध्याशी, अगदी मातीलगत आली तर ती गॅनोडर्मा असण्याची शक्यता मोठी. हिच्या पावडरी आणि कॅप्सूल महागड्या भावानं विकल्या जातात. तुम्हाला बुंध्याशी दिसली तर पैशाचं स्वप्न नंतर बघा, आधी झाडाकडं बघा. मुळं आणि बुंधा कुजवणारी बुरशी आहे ही. नारळाला तिच्यामुळं होणाऱ्या रोगाला तंजावर मर म्हणतात. गुलमोहर, बाभूळ यांनाही ती सोडत नाही.

आता दोन ज्यांच्यापासून लांब राहायचं. परसात झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ किंवा गवतात पांढरी, ताटलीएवढी मोठी, वर तपकिरी खवले असलेली छत्री येते. कोवळी असताना ती बाजारातल्या बटण अळंबीसारखी गोंडस दिसते आणि पट्ट्याही पांढऱ्याच असतात. जून झाली की त्या पट्ट्या हिरवट होतात. ही खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब असे सुरू होतात की माणूस गळून जातो. दुसरी शाईछत्री. कुजक्या बुंध्याच्या आसपास, जमिनीत गाडलेल्या लाकडावर राखाडी घंटेसारखी झुपक्यानं येते आणि दोन दिवसांत काळ्या शाईसारखी वितळते. तिच्या एका जातीचा गुण असा की ती एरवी पचते, पण खाणाऱ्यानं त्याच्या आगेमागे दारू घेतली असेल तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. घरातल्या सगळ्यांनी एकच भाजी खाल्ली आणि त्रास फक्त एकालाच झाला, तर त्या एकानं संध्याकाळी कुठं हजेरी लावली होती तेही डॉक्टरांना सांगावं लागेल. लाज वाटून लपवू नका.

आता त्या चांदीच्या नाण्याकडं येऊ.

चांदी काळी पडते ती गंधकामुळं. अंड्याच्या चमच्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, अंडं काही विषारी नसतं. अळंबीतलं घातक विष चांदीला ओळखतसुद्धा नाही. लसणाची पाकळी काळी-निळी पडते का बघायची, ही परीक्षाही तशीच पोकळ. किड्यांनी, गोगलगायींनी खाल्लीय म्हणजे आपल्याला चालेल, हेही खरं नाही. गोगलगाय घातक अळंबी खाऊन खुशाल पुढं जाते, तिचं शरीर वेगळं, आपलं वेगळं. मांजराला आधी घालून बघायचं म्हणाल तर त्याहून वाईट, कारण सगळ्यांत वाईट विष पहिल्या सहा तासांत काही दाखवतच नाही. तोवर आपली जेवणं होऊन भांडीही घासून झालेली असतात. उकळून पाणी फेकलं, वाळवून ठेवली, मीठ-हळद लावली, तरी ते विष जात नाही. आणि भडक रंगाची तेवढी विषारी, फिकी ती बरी, असं म्हणाल तर सर्वांत घातक अळंबी पांढरी नाहीतर फिकट हिरवट असते, बघायला देखणी, आणि खाऊन वाचलेले सांगतात की चवीलाही छान.

२०२२ च्या एप्रिल महिन्यात आसामात चहामळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले, त्यात लहान मूलही होतं. ही माणसं काही शहरातून सहलीला आलेली नव्हती. जन्मभर रानात भाजी वेचणारी होती. ओळख असणाऱ्यांचीही नजर चुकते, हे आम्ही स्वतःला बजावत असतो.

तरीही कुणी खाल्लीच तर? घड्याळ बघा. खाल्ल्यावर किती वेळानं त्रास सुरू झाला हे डॉक्टरांच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचं. एक-दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुतेक वेळा पोट बिघडवणारी जात असते, माणूस सलाईनवर सावरतो. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा, म्हणजे रात्री जेवून पहाटे उलट्या-जुलाब सुरू झाले, तर एक मिनिटही घरी बसू नका. या विषाची चाल फसवी असते. एक दिवस उलट्या होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, तो चहा मागतो, घरचे देवाला नारळ फोडतात. आत मात्र यकृत बिघडत असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात. म्हणून बरं वाटलं तरी दवाखाना सोडायचा नाही. आणि दोन-तीन तऱ्हा एकत्र शिजवल्या असतील तर लवकर उलटी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, दुसरीचं विष मागून येऊ शकतं.

मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढू नका. ताक, तूप, लिंबू, एरंडेल यातलं काही देऊ नका. १०८ ला फोन करा. जी कच्ची अळंबी उरली असेल ती, निवडताना टाकलेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून बरोबर न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम येऊन कुजते आणि मग ओळखायला काही राहत नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७. आपल्या डॉक्टरांनाही तिथं विचारता येतं. हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मोबाइल चार्जिंगला असतो तेव्हाच नेमकी गरज पडते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी वहिनींच्या घरी गेलो. बरोबर कृषी शाखेत शिकलेल्या आमच्या ओळखीच्या एक ताई होत्या. फ्रीजमधला कागद उघडला. टोपी शिंपल्यासारखी, पट्ट्या देठावर उतरलेल्या, कडं नाही, पिशवी नाही. ताईंनी एक टोपी पट्ट्या खाली करून कागदावर ठेवली, कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा, वर वाटी पालथी घातली. याला बीजाणूंचा ठसा म्हणतात. काही तासांनी, नाहीतर रात्रभरानं वाटी काढली की पट्ट्यांची नक्षी कागदावर उमटलेली दिसते. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट येतो, हिरवट पट्ट्यांवालीचा हिरवा, गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. ठसा हिरवा किंवा गंजासारखा आला तर विषय तिथंच संपला. पण पांढरा आला म्हणजे खायला परवानगी मिळाली असं नाही, कारण सर्वांत घातक अळंबीचा ठसाही पांढराच येतो. ठसा एकेकीला बाद करायला उपयोगी, पास करायला नव्हे.

सगळं बघून ताई म्हणाल्या, धिंगरीच्या कुळातलीच वाटते. वहिनींचा चेहरा खुलला. तेवढ्यात ताईंनी विचारलं, "या झाडाला कधी काही औषध मारलं होतं का?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या इतका वेळ ओट्यावर तांदूळ निवडत गप्प बसल्या होत्या. "पाडव्याच्या सुमाराला भिरूड लागली होती की. खोडातनं भुसा गळायचा. पोरानं भोकात औषधाचे बोळे कोंबून वरनं चिखल लिंपलाय. ते बघा." आम्ही पाहिलं. लिंपलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर अळंबीचा झुपका उगवला होता.

इथं आमच्याही अंगावर काटा आला, कारण हे फोटोत दिसत नव्हतं आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं. बुरशी ज्यावर वाढते त्यातलं पाणी, क्षार, धातू सगळं शोषून घेते. चांगलं-वाईट निवडत नाही. शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू अळंबीत साठतात हे अनेक देशांत तपासून झालं आहे. म्हणून जात खाण्याची असली तरी झाडाचा इतिहास विचारायचाच. खोडात कीटकनाशक भरलंय का? शेजारी द्राक्षबाग आहे का? बागेवर मोरचूद-चुन्याची, बुरशीनाशकाची फवारणी हंगामभर चालते आणि वारा काही बांध ओळखत नाही. झाड सोलापूर रस्त्याच्या कडेला धूर खात उभं आहे का? बुंध्याशी कारखान्याचं, गॅरेजचं पाणी येतं का? मांजरीत आता मोकळं, औषध न लागलेलं परस शोधावं लागेल, हे कडू वाटलं तरी खरं आहे. डोंगरातल्या कातकरी-ठाकर बायका जी अळंबी ओळखून खातात, त्यांचं रान वेगळं आणि आपलं परस वेगळं.

वहिनींनी तो कागद तसाच गुंडाळला आणि खड्ड्यात पुरला.

पण ताई अजून झाडापाशीच उभ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी एक जाड फांदी छाटली होती, ती बुंध्याला चिकटून न कापता हातभर खुंट ठेवून कापलेली. खुंट वाळला, त्यातून पाणी आत मुरलं, भिरूडीनं बोगदे केले, आणि बुरशीला आयती वाट मिळाली. ताईंनी विळ्याच्या मुठीनं खोडावर खालपासून वरपर्यंत ठोकून बघितलं. खाली भरीव, ठक् ठक्. खांद्याच्या उंचीपासून वर मडक्यासारखा आवाज. त्याच बाजूची मोठी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर गेलेली होती आणि खाली गाय आणि तिचं वासरू बांधलेलं.

मेलेल्या ओंडक्यावर अळंबी आली तर ते निसर्गाचं रोजचं काम आहे, लाकडाची माती होतेय. जिवंत झाडाच्या खोडावर आली तर आतलं लाकूड कुजलंय, असं समजा. पानं हिरवीगार असतात, मोहरही येतो, कारण पाणी वाहून नेणारं लाकूड सालीलगत बाहेरच्या बाजूला असतं. मधला गाभा गेलेला बाहेरून कळत नाही. वळवाच्या वादळात "चांगलं हिरवं झाड पडलं" म्हणून आपण हळहळतो ना, त्यातली कित्येक अशीच आतून पोकळ झालेली असतात. अळंबी खुडून टाकली म्हणून काही फरक पडत नाही. फळ तोडलं, बुरशी आतच राहते.

गाय-वासरू त्याच दुपारी दुसऱ्या बाजूला बांधलं. फांदी उतरवायची तर मनात आलं आणि कुऱ्हाड घेतली असं करता येत नाही. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे आणि शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा कायदा लागतो. आपल्याच परसातलं झाड असलं तरी तोडायला, छाटायला वृक्ष अधिकाऱ्यांकडं अर्ज करावा लागतो. नदीपलीकडं मांजरी खुर्दला आणि बाकीच्या गावांतल्या मैत्रिणींना वेगळा, १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ ही आपल्या परसातली झाडं आहेत, ती तोडायलाही परवानगी लागते. अर्जाला झाडाचे फोटो जोडा, अळंबीचा फोटो जरूर जोडा, झाड आतून कुजल्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. आणि छाटणी झाली की खुंट ठेवू देऊ नका. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं फुगीर कडं असतं. त्या कड्याला धक्का न लावता, त्याच्या अगदी लगत कापायचं, म्हणजे झाड स्वतःच जखम भरून काढतं.

एवढं सगळं होईपर्यंत वहिनींचा अळंबी खायचा हट्ट काही गेला नव्हता, आणि का जावा? पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळंबीवर बरीच वर्षं काम चालतं. धिंगरी लावणं अवघड नाही. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचा भुसा बोट-दीड बोट लांबीचा कापून रात्रभर भिजत घालायचा. मग कडक गरम पाण्यात, उकळी फुटायच्या अलीकडं, तासभर ठेवायचा. निथळून गार करायचा, इतका की मुठीत दाबला तर पाणी गळू नये पण हात ओला व्हावा. आमच्या पहिल्या खेपेला इथंच चुकलं, काड पचपचीत राहिलं आणि हिरवी बुरशी धरली. धिंगरीचं बियाणं, म्हणजे धान्यावर वाढवलेली बुरशी, ओल्या काडाच्या किलोला साधारण वीस ग्रॅम. पिशवीत काडाचा थर, कडेनं बियाणं, परत थर. तोंड बांधून सुईनं भोकं पाडायची आणि अंधाऱ्या, गार जागेत टांगायची. दोन-अडीच आठवड्यांत सगळं पांढरं झालं की प्लास्टिक काढायचं आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडायचं. आठवड्याभरात पहिली काढणी. काढताना नाकाला पदर नाहीतर रुमाल बांधा, बीजाणूंची धूळ फुप्फुसात गेली तर खोकला आणि धाप लागते. टोपीच्या कडा वर वळायच्या आत काढली तर धूळही कमी उडते आणि भाजीही कोवळी होते.

वहिनींनी जुन्या न्हाणीघरात तीन पिशव्या टांगल्या आहेत. पहिल्या काढणीची भाजी आम्हीही चाखली, लसूण, हिरवी मिरची, शेवटी ओलं खोबरं. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "हिला औषध मारलं नाही ना?" आंब्याचा अर्ज दिलेला आहे. गाय अजून शेजारच्या पडवीत आहे. फांदी उतरली की कळवू.